आवाजाला प्राधान्य देणारे स्वयंचलित साचे आणि निविदेतील कोरी जागा

प्रति,
मा. संपादक,

विषय: कार्यालयांतील आयपी फोनसाठी क्यूओएसची स्वयंचलित मांडणी

महोदय,

नगरपालिका, सहकारी बँका, साखर कारखाने आणि रुग्णालये गेल्या काही वर्षांत जुनी ईपीएबीएक्स (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) यंत्रणा काढून संगणकाच्या नेटवर्कवरच चालणारे आयपी फोन बसवू लागली आहेत. कॉल सेंटर चालवणाऱ्या संस्थांवरील दूरसंचार विभागाचे नियम २०२० आणि २०२१ मध्ये सैल झाल्यापासून खासगी कंपन्यांतही हा ओघ वाढला आहे. व्यवसायामुळे अशा कामांच्या निविदा माझ्या वाचनात नेहमी येतात आणि त्यांतील एक वाक्य आता ठरून गेले आहे: आवाजाच्या वाहतुकीसाठी क्यूओएस, म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस (लाइनवर गर्दी झाली की महत्त्वाच्या वाहतुकीला आधी वाट देण्याची व्यवस्था), स्वयंचलित पद्धतीने करून द्यावे. त्यापुढे एक ओळही नसते. किती फोन एकाच वेळी चालणार, लाइन किती क्षमतेची, मुख्य लाइन बंद पडल्यास काय करायचे, याविषयी अक्षर नसते. आणि ठेकेदार एक आज्ञा टाइप करून, तिने तयार केलेल्या पन्नास-साठ ओळींची छापील प्रत फाइलला लावून मोकळा होतो. माझा आक्षेप स्वयंचलनाला नाही. ते ज्या आकड्यांवर चालते ते आकडे संस्थेने स्वतः ठरवून लेखी दिले पाहिजेत, कारण ते न दिल्यास यंत्र स्वतःचे आकडे गृहीत धरते आणि ते आपल्या लाइनशी जुळतीलच असे नाही, हे मला या पत्रातून सांगायचे आहे.

बोलणे पॅकेटांतून, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांतून, जाते तेव्हा ते जागा थोडीच मागते, वेळेच्या बाबतीत मात्र अतिशय काटेकोर असते. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर (पत्ता वगैरे असलेला भाग) असतो, त्यामुळे मूळ ६४ केबीपीएसचा (किलोबिट प्रति सेकंद) आवाज आयपी स्तरावर ८० केबीपीएस होतो. जी.७२९ मध्ये आवाज अवघ्या ८ केबीपीएसचा, पण हेडर तेवढाच, म्हणून प्रत्यक्ष भार २४ केबीपीएस. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते की बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेक संभाषणांना तो जाणवत नाही. त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. ईमेल दोन सेकंद उशिरा पोहोचला तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि फाइलमधले हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते. बोलण्यातले हरवलेले पॅकेट पुन्हा येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून राउटरने, म्हणजे कार्यालयाचे नेटवर्क बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राने, आवाजाची पॅकेटे ओळखावीत आणि लाइनवर गर्दी झाली की ती आधी सोडावीत, इतकी साधी ही कल्पना आहे.

ती अमलात आणणे साधे नव्हते. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांची जबाबदारी सांभाळणाऱ्या आयईटीएफने १९९० च्या दशकात आधी प्रत्येक संभाषणासाठी वाटेवरच्या प्रत्येक राउटरकडे जागा राखून ठेवण्याची पद्धत मांडली आणि १९९७ मध्ये त्यासाठी आरएसव्हीपी हा प्रोटोकॉल प्रमाणित केला. मोठ्या नेटवर्कमध्ये प्रत्येक संभाषणाची नोंद प्रत्येक राउटरने ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये डिफसर्व्ह ही सोपी पद्धत आली: पॅकेटाच्या हेडरमध्ये सहा बिटांची खूण करायची आणि राउटरने फक्त ती खूण पाहून रांग ठरवायची. आवाजासाठी ठरलेली खूण ४६ या मूल्याची आहे आणि ती ईएफ या नावाने ओळखली जाते. सोपे म्हटले तरी प्रत्यक्षात अभियंत्याला वर्ग करायचे, खुणा लावायच्या, प्राधान्याची रांग काढायची, उरलेल्यांसाठी वाटप करायचे, मंद लाइनवर मोठ्या पॅकेटांचे तुकडे पाडायचे, आणि हे सारे प्रत्येक शाखेच्या राउटरवर हाताने टाइप करायचे. चाळीस शाखांत एखाद्या ठिकाणी एक ओळ राहून गेली की त्या शाखेचा फोन कुरकुरायचा आणि कारण सापडायला आठवडे जायचे.

सिस्को कंपनीने २००३ च्या सुमारास ऑटो क्यूओएस ही सोय आणली ती या पार्श्वभूमीवर, आणि त्याचे श्रेय कंपनीला द्यायला हवे. राउटरच्या पोर्टवर एक आज्ञा दिली की वर्ग, खुणा, रांगा आणि लागल्यास तुकडे पाडण्याची व्यवस्था आपोआप तयार होते. लाइन ७६८ केबीपीएस किंवा त्याहून मंद असेल तर तुकडे पाडायचे, वेगवान असेल तर नाही, हा निर्णयही ती घेते. त्यामागचा हिशेब चोख आहे: १५०० बाइटचे एक पॅकेट ६४ केबीपीएसच्या तारेवर उतरवायलाच १८७ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे मागे थांबलेल्या आवाजाच्या पॅकेटाची १५० मिलिसेकंदांची सगळी मुदत तिथेच संपते, तेच पॅकेट २ एमबीपीएसवर सुमारे ६ मिलिसेकंदांत उतरते. हे गणित प्रत्येक तंत्रज्ञाला येत असेल असे धरून चालणे शक्य नव्हते आणि आजही नाही. पुढे याच सोयीची विस्तारित आवृत्ती आली. ती आधी काही दिवस लाइनवरची वाहतूक नुसती पाहत राहते आणि जे दिसले त्यावरून साचा, म्हणजे तयार मांडणी, सुचवते. इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धती आणल्या, आणि आता तर मध्यवर्ती कंट्रोलरवरून शेकडो शाखांची मांडणी एका पडद्यावरून पाठवता येते.

अडचण साच्याच्या पोटात आहे. ऑटो क्यूओएसच्या मूळ साच्यात, लाइन मंद नसेल तर, आवाजाच्या प्राधान्य रांगेला लाइनचे ७० टक्के आणि कॉल जोडण्याच्या सिग्नलिंगला ५ टक्के दिलेले असतात. त्याच कंपनीची नेटवर्क आराखड्यासाठीची मार्गदर्शक पुस्तके मात्र प्राधान्य रांग एकूण क्षमतेच्या ३३ टक्क्यांपुढे नेऊ नका, असे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. त्याचे कारण उघड आहे: प्राधान्य रांग सर्वांत आधी मोकळी केली जाते, तिला लाइनचा मोठा वाटा दिला तर गर्दीच्या वेळी बँकेचे व्यवहार, रुग्णालयाच्या नोंदी आणि कार्यालयाची फाइल-वाहतूक उरलेल्या तुकड्यात कोंबली जाते. दोन्ही आकड्यांमागे आपापला विचार आहे. साचा लिहिणाऱ्याला काहीही झाले तरी फोन चालायला हवा होता. पुस्तक लिहिणाऱ्याला सगळे नेटवर्क चालायला हवे होते. पण तुमच्या कार्यालयासाठी यांतला कोणता आकडा योग्य, हे दोघांपैकी कोणीही ठरवू शकत नाही, आणि निविदेत ती जागा कोरी सोडली की ७० चा आकडा कोणीही न निवडता लागू होतो.

त्याहून गंभीर प्रकार लाइनच्या क्षमतेबाबत घडतो. ऑटो क्यूओएस लाइन किती वेगवान हे मोजत नाही. पोर्टच्या मांडणीत बँडविड्थचा जो आकडा लिहिलेला असेल तो ती खरा मानते. सिरियल पोर्टवर कोणी काहीच लिहिले नसेल तर हा आकडा मुळातच १५४४ केबीपीएस असतो, मग प्रत्यक्ष तार २५६ केबीपीएसची का असेना. शिवाय हा आकडा आज्ञा देण्याच्या क्षणी एकदाच वाचला जातो. नंतर संस्थेने लाइन वाढवून घेतली किंवा खर्च वाचवायला कमी करून घेतली, तरी साचा जुन्याच हिशेबाने चालत राहतो. तो काढून पुन्हा लावावा लागतो, आणि मधल्या काळात कोणी हाताने दोन ओळी बदलल्या असतील तर काढतानाही त्या मागे उरतात.

आपल्याकडे आता बहुतेक लीज्ड लाइन ईथरनेट पोर्टवर हाती येतात. करार १० एमबीपीएसचा असतो, पण राउटरला दिसणारा पोर्ट १०० एमबीपीएसचा किंवा एक गिगाबिटचा असतो. टक्केवारीवर आधारलेला कोणताही तयार साचा अशा १०० च्या पोर्टवर लावला की ७० टक्के म्हणजे ७० एमबीपीएस असा हिशेब होतो, म्हणजे कराराच्या सातपट. त्याहून वाईट म्हणजे राउटरच्या दृष्टीने १०० च्या पोर्टवर १० ची वाहतूक ही गर्दीच नसते, म्हणून रांग कधी तयार होत नाही, आणि रांगच नाही तर प्राधान्य कोणाला द्यायचे? जादा पॅकेटे पलीकडे सेवा पुरवठादाराच्या यंत्रात टाकून दिली जातात आणि त्या यंत्राला त्यांतला आवाज कोणता आणि अहवालाची पीडीएफ कोणती हे पाहायचे कारण नसते. मांडणी अगदी पाठ्यपुस्तकाप्रमाणे दिसते, तिची छापील प्रत फाइलला लागलेली असते, आणि दुपारी बारा वाजता सगळे संगणक कामाला लागले की फोनवरचा आवाज तुटत राहतो. उपाय जुना आणि माहितीतला आहे: आधी संपूर्ण वाहतूक कराराच्या वेगाला, किंवा त्याहून किंचित कमीला, आपल्याच राउटरवर आवरून धरायची आणि त्या मर्यादेच्या आत प्राधान्य रांग काढायची. रांग आपल्या ताब्यातल्या यंत्रात तयार झाली तरच तिच्यावर आपला अंमल चालतो. परंतु यासाठी करारातला आकडा यंत्राला कोणीतरी सांगावा लागतो. तो आकडा बिलावर असतो आणि बिल लेखा विभागात असते. राउटर बसवणाऱ्याने ते पाहिलेलेच नसते.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित आहे. २ एमबीपीएसची लाइन धरली आणि तिच्यातला तिसरा हिस्सा आवाजाला दिला तर साधारण ६७५ केबीपीएस मिळतात, म्हणजे जी.७११ चे आठ कॉल. नववा कॉल लागला तर काय होते? लाइनवर गर्दी असेल तर प्राधान्य रांग आपली मर्यादा ओलांडू देत नाही. जादा पॅकेटे टाकली जातात. मात्र टाकताना ती नवव्या कॉलचीच निवडली जात नाहीत, कारण राउटरला कॉल दिसत नाही, त्याला दिसते ती ४६ ची खूण, आणि ती नऊही जणांच्या पॅकेटांवर आहे. आठ जणांच्या वडाप जीपमध्ये नववा चढला की अवघडतात ते नऊच्या नऊ जण, तसेच हे आहे. म्हणून नवव्याला आत घेण्याआधीच ‘लाइन व्यस्त आहे’ असे सांगणारी वेगळी व्यवस्था लागते, आणि ती राउटरच्या क्यूओएसमध्ये नसून फोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या शाखेला एका वेळी किती कॉल द्यायचे या आकड्याच्या रूपात असते. ऑटो क्यूओएस तिथपर्यंत पोहोचत नाही. राउटरचे कंत्राट एकाकडे आणि फोनचे दुसऱ्याकडे असेल, तर हे दोन आकडे एकमेकांशी जुळवून पाहणारा कोणीच नसतो.

किती कॉल लागतील याचा अंदाज करण्याचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. डेन्मार्कच्या अरलांग या गणितज्ञाने १९१७ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेले सूत्र आजही तसेच लागू पडते. एखाद्या शाखेत गर्दीच्या तासात प्रत्येकी सरासरी तीन मिनिटांचे शंभर कॉल होत असतील तर तो पाच अरलांगचा भार झाला. शंभरातल्या एकाहून अधिक कॉलला व्यस्ततेचा सूर ऐकू येऊ नये असे वाटत असेल तर या भाराला अकरा मार्ग लागतात. आठच ठेवले तर शंभरातले सुमारे सात परतवले जातील. अकरा कॉल जी.७११ मध्ये ८८० केबीपीएस घेतात, म्हणजे २ एमबीपीएसच्या लाइनचे ४३ टक्के, जी.७२९ मध्ये २६४, म्हणजे १३ टक्के. येथे तीन वाटा आहेत: लाइन मोठी घ्यायची, आवाजाचा दर्जा थोडा उतरवून जी.७२९ वापरायचे, किंवा सात जणांना ‘थोड्या वेळाने करा’ म्हणायचे. हा खर्चाचा आणि सेवेचा निर्णय आहे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा तक्रार कक्षासाठी त्याचे उत्तर वेगळे असेल, रुग्णालयाच्या अपघात विभागासाठी वेगळे. कोणतीही आज्ञा किंवा कंट्रोलर ते संस्थेच्या वतीने देऊ शकत नाही.

ही अपेक्षा अवाजवी आहे असे कोणाला वाटेल म्हणून सांगतो, की खिशातल्या मोबाइलवर हे रोज घडते. भारतात सप्टेंबर २०१६ पासून जिओच्या आगमनाने व्हीओएलटीई सर्वत्र पसरले. त्यात आवाजही डेटाच्याच जाळ्यावरून जातो, पण प्रत्येक कॉल लागताना त्या कॉलपुरता एक राखीव मार्ग आपोआप उघडला जातो आणि कॉल संपला की बंद होतो. मोबाइल नेटवर्कचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या नियमांत आवाजाच्या या मार्गाला क्यूसीआय १ म्हणतात. त्याला ठरावीक वेगाची हमी असते आणि विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद असते. टॉवरवर जागा नसेल तर हा मार्ग नाकारला जातो, पण चालू असलेल्या कॉलचा चोळामोळा केला जात नाही. गंमत म्हणजे कॉल जोडणाऱ्या सिग्नलिंगला तिथे आवाजाच्याही वरचे प्राधान्य आहे, कारण घंटीच वाजली नाही तर आवाजाचा दर्जा चांगला असून उपयोग काय. स्वयंचलन पूर्णत्वाला गेले की ते असे दिसते: मोजणे, परवानगी आणि रांग या तिन्ही गोष्टी एकमेकांशी बोलतात. कार्यालयांतला स्वयंचलित साचा फक्त रांगेपुरता असतो, हे निविदा लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

ओळखीचा प्रश्नही दिसतो तितका सुटलेला नाही. खुणेवर विश्वास ठेवायचा तर ती कोणी लावली हे पाहावे लागते, कारण कोणताही संगणक आपल्या पॅकेटांवर ४६ लिहू शकतो. सिस्कोच्या स्विचवरची (कार्यालयातले फोन आणि संगणक एकत्र जोडणाऱ्या यंत्रावरची) सोय पोर्टला फोन जोडलेला आहे की नाही हे ओळखते आणि फोन काढून तिथे लॅपटॉप लावला तर विश्वास काढून घेते. इतर कंपन्यांच्या फोनसाठी एलएलडीपी-मेड (फोनने स्विचला आपली ओळख सांगण्याची पद्धत) हा सर्वमान्य मार्ग आहे. याउलट, जिथे खूण नाही तिथे साचा यूडीपी या प्रोटोकॉलच्या १६३८४ ते ३२७६७ या पोर्टांवरून (हे पोर्ट म्हणजे यंत्राचे भौतिक पोर्ट नव्हेत, पॅकेटावर लिहिलेले क्रमांक) आवाज ओळखायचा प्रयत्न करतो. आज कित्येक बैठका ब्राउझरमधून, एन्क्रिप्ट केलेल्या आणि दरवेळी वेगळा पोर्ट घेणाऱ्या कॉलवर होतात. त्यांना हा नियम लागू पडेलच असे नाही. सिग्नलिंगच्या खुणेवर तर कंपन्यांचे एकमतही नाही: ऑटो क्यूओएसचा जुना साचा २६ लिहितो, नंतरच्या मांडण्या २४, आणि आयईटीएफचे २००६ चे मार्गदर्शन ४० सुचवते. फोन एका कंपनीचे आणि राउटर दुसऱ्या कंपनीचे, अशी खरेदी आपल्याकडे सर्रास होते, आणि मग दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असूनही फोन जोडायला वेळ लागतो.

वायफायवर एक खास घोटाळा आहे. कित्येक ॲक्सेस पॉइंट सहा बिटांच्या खुणेतले वरचे तीनच बिट पाहून हवेतला वर्ग ठरवतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि वायफायच्या नियमांत ५ हा व्हिडिओचा वर्ग आहे. आवाजासाठी ६ आणि ७ आहेत. परिणामी तारेवर पहिला मान मिळवून आलेला आवाज हवेत शिरताच व्हिडिओच्या रांगेत उभा राहतो. हा फरक मिटवण्यासाठी आयईटीएफला २०१८ मध्ये आरएफसी ८३२५ हा स्वतंत्र दस्तऐवज काढावा लागला. वॉर्डांत फिरणाऱ्या परिचारिकांना वायफाय फोन देणाऱ्या रुग्णालयांनी आपल्या ठेकेदाराला या दस्तऐवजाचे नाव घेऊन प्रश्न विचारावा, एवढेच सुचवतो.

सेवा पुरवठादाराच्या हद्दीत आपल्या खुणा टिकतीलच असे नाही. एमपीएलएस व्हीपीएन (पुरवठादाराच्या खासगी जाळ्यावरून शाखा जोडण्याची सेवा) घेताना वर्गांची सेवा करारात मागून घेता येते आणि तिचे पैसे मोजावे लागतात. साध्या इंटरनेटवर खूण पुसली जाणे किंवा दुर्लक्षित होणे हेच नेहमीचे. यावर एक वाचक म्हणेल की आवाजाला असे प्राधान्य देणे नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरील सर्व वाहतुकीला समान वागणूक देण्याच्या तत्त्वाच्या, विरुद्ध नाही का. दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये स्वीकारलेले ते तत्त्व इंटरनेट सेवा विकणाऱ्यांवर बंधन घालते. आपल्या भिंतींच्या आतल्या नेटवर्कवर आणि स्वतः भाड्याने घेतलेल्या लाइनच्या आपल्या टोकावर कोणाला आधी सोडायचे हा संस्थेचा अधिकार आहे.

पाच-दहा माणसांच्या लहान कार्यालयांना मी मात्र वर्ग आणि खुणांच्या भानगडीत पडू नका असाच सल्ला देतो. तिथले दुखणे बहुधा राउटरच्या अवाढव्य बफरमध्ये (पॅकेटे तात्पुरती साठवण्याच्या जागेत) असते: कोणी मोठी फाइल अपलोड करू लागला की पॅकेटे शेकडो मिलिसेकंद साठून राहतात आणि आवाज त्यांच्यामागे अडकतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल ही पद्धत पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे पाहून रांग आखूड ठेवते, आणि तिचे एफक्यू-कोडेल हे रूप प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे सेकंदाला पन्नास बारीक पॅकेटे पाठवणारा आवाज आपोआप पुढे जातो. त्याला कोणते ॲप, कोणता पोर्ट, कोणती खूण, काही सांगावे लागत नाही. सांगायचा तो फक्त लाइनचा वेग. मला विचाराल तर स्वयंचलनाचा खरा पराक्रम हा आहे, आणि तो फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

मोठ्या संस्थांसाठी माझी सूचना अशी की निविदेसोबत एक तक्ता जोडावा आणि तो ठेकेदाराने नव्हे, संस्थेने भरावा. त्यात प्रत्येक शाखेपुढे करारातला लाइनचा वेग, पर्यायी लाइनचा वेग, गर्दीच्या तासातले कॉल, आवाजाची पद्धत आणि एका वेळी परवानगी असलेले कॉल एवढे रकाने असावेत. राउटर, स्विच आणि फोन एक्स्चेंज या तिघांची मांडणी याच तक्त्यातून तयार व्हावी. आज नेटकॉन्फ, यांग, अँसिबल यांसारखी साधने त्यासाठीच आहेत आणि पुण्यातल्या कित्येक कंपन्यांत तरुण अभियंते ती रोज वापरतात. तक्त्यातला आकडा बदलला की मांडणी पुन्हा तयार होईल, हाताने कोणी ओळ बदलली तर तक्त्याशी ताडताना ती उघडी पडेल. पर्यायी लाइनचा रकाना मुद्दाम घातला आहे. मुख्य लाइन तुटून शाखा ४जी सिमवर आली की वेग बदलतो, साचा बदलत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी फोनची गरज सर्वांत जास्त असते.

आणि स्वीकृती चाचणी छापील प्रत पाहून होऊ नये. गर्दीच्या वेळी मुद्दाम मोठी फाइल दोन्ही दिशांनी चालू ठेवून, परवानगी आहे तितके कॉल एकाच वेळी लावून, विलंब, जिटर (पॅकेटे येण्याच्या वेळेतला चढउतार) आणि गळती (हरवलेली पॅकेटे) मोजावी. नंतर एक कॉल जादा लावून त्याला व्यस्ततेचा सूर मिळतो की बाकीच्यांचा आवाज बिघडतो ते पाहावे. यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. बहुतेक आयपी फोन आरटीसीपी या आवाजासोबतच्या अहवाल-प्रोटोकॉलद्वारे गळती आणि जिटर स्वतःच नोंदवत असतात, आणि राउटरमध्ये आवाजासारखी कृत्रिम पॅकेटे सोडून मोजण्याची सोय असते. ही चाचणी पर्यायी लाइनवरही करावी, आणि लाइनचा वेग बदलला की प्रत्येक वेळी पुन्हा करावी असे एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात लिहावे.

शेवटची बाब लहान आहे. ऑटो क्यूओएस आपला साचा लावतानाच आवाजाची पॅकेटे टाकली जाऊ लागल्यास इशारा देणारी एक सूचनाही राउटरमध्ये आपोआप बसवते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ती चालू असते, इशारेही नियमाने निघत असतात, पण ते स्वीकारणारा सर्व्हर कधी बसवलेलाच नसतो किंवा राउटरला त्याचा पत्ता दिलेला नसतो. तो पत्ता आणि इशारा आल्यावर किती तासांत कोणी दखल घ्यायची त्या पदाचे नाव, ही दोन्ही निविदेच्या त्याच तक्त्यात यावीत.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क अभियंता, कोल्हापूर